तीनशे दोनमधली वाटी

१

आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. अप्पांचं हे सरळ गणित. माझे वडील कोंडिराम, दवाखान्यात वॉर्डबॉय. रोज मेलेली माणसं बघून यायचे आणि शांतपणे जेवायचे. "गेलेलं माणूस परत येत नसतंय बाई, आलं असतं तर आमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा राहिली नसती," असं म्हणायचे. मी त्यांचीच मुलगी. तेव्हा मी जे सांगणार आहे ते कसं सांगू हा माझ्यापुढे प्रश्नच आहे. पण सांगायला हवं, कारण ज्याचे उपकार झाले त्याला निदान झाले म्हणावं, एवढी तरी माणुसकी पाहिजे.

२००२ साल. आम्ही मुखेडहून मीरा रोडला येऊन दीड वर्ष झालं होतं. सिल्व्हर पार्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर तीनशे एक नंबर, भाड्याचा. शेजारी तीनशे दोनमध्ये मनोरमाकाकू आणि काका राहायचे, गिरगावातली खोली विकून आलेले. त्यांच्या मुलीचं पुण्यात बाळंतपण होतं आणि डॉक्टरांनी तिला प्रवास नको सांगितलेला. म्हणून ऑक्टोबरात दोघं तिकडे गेले ते थेट एप्रिलपर्यंत.

जाताना काकूंनी किल्ली आईच्या हातात दिली. "वैजयंताताई, रोज तुळशीला तांब्याभर पाणी आणि दुपारी जरा खिडक्या उघडायच्या, नाहीतर घर कोंदटतं. देव मी बरोबर नेतेय, तुम्हाला दिवाबत्तीचा त्रास नको." आईला ते फार आवडलं. आई भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, सकाळी आठला बाहेर पडली की संध्याकाळी सातला घरी. म्हणजे ते काम माझं झालं.

शाळा साडेबाराला सुटायची. जेवायचं, दोन वाजता तीनशे दोन उघडायचं, तुळशीला पाणी, खिडक्या, मग तिथेच हॉलमध्ये पंख्याखाली दहावीचा अभ्यास. दुसऱ्याच्या घरात एकटं बसायला मला अजिबात भीती वाटायची नाही. उलट छान वाटायचं.

२

शाळेत मी एकदा सरांना "कामून?" असं विचारलं. म्हणजे का. आमच्याकडे तसंच म्हणतात. अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी कामून. "ए कामून, पेन दे. ए कामून, तेरा डिब्बा क्या है आज?" मी बोलणंच बंद केलं.

माझ्या मागच्या बाकावर रोशन बसायचा. पेणकरपाड्याचा. त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता बिल्डिंगी होत्या, आणि त्या बिल्डिंगींतली पोरं त्याला सुकट म्हणायची, नाकाला रुमाल लावून. तो हाय-न्हाय बोलायचा म्हणूनही हसायची. मी निदान बाहेरून आलेली, हा बिचारा आपल्याच गावात परका.

एकदा मधल्या सुट्टीत तो सरळ माझ्याकडे आला. "तू बोलत कं न्हायस? तुझं कामून मना आवडतं," म्हणाला. एवढंच. मी घरी जाऊन दोन तास आरशासमोर बसले होते.

तो मला आवडायचा. सरळच सांगते, आता काय लपवायचं. सावळा, हाडकुळा, कानात बोट घालून विचार करायचा. भूमितीत ढ, पण भरती-ओहोटीच्या वेळा कॅलेंडर न बघता सांगायचा. मी त्याला प्रमेयं शिकवायची, तो मला जोरात बोलायला शिकवायचा. "वरड ना, कोन खातंय तुला?"

पण भेटायचं कुठे? बागेत वर्गातली पोरं. त्याच्या घरी पंधरा माणसं. माझ्या घरी अप्पांचा धाक होता. माझी चुलत बहीण शालू नववीत असताना एका मुलाशी बोलताना सापडली. तिची शाळा त्याच आठवड्यात सुटली आणि सहा महिन्यांत लग्न झालं. अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "तुझं एक अक्षर जरी कानावर आलं, तर दहावी-बिहावी काही नाही. मुखेडला आजीकडं." अप्पा बोलले की करायचे.

म्हणून तीनशे दोन. किल्ली जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे ठेवायची. जो आधी येईल त्याने उघडायचं, दुसऱ्याने दोन टकटक करायच्या. तो सतरंजीच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला. मध्ये पुस्तकं. हात लागला तर दोघंही पान उलटायचो.

३

दिवाळीनंतरची गोष्ट. त्या दिवशी तो आधी आला होता. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर एक स्टीलची वाटी, वर झाकण. उघडलं तर शेवयांची खीर, गरम.

मला काय आनंद झाला! ह्याने घरून माझ्यासाठी आणलीय आणि लाजून बोलत नाहीये, हे मी लगेच ओळखलं. अर्धी खाल्ली, अर्धी त्याला नेऊन दिली. त्याने माझ्याकडे बघितलं, खाल्ली, वाटी बोटाने पुसली आणि "मस्त" म्हणाला. आपण आणली असं तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या पहिल्यांदा असं काही विचारायचं नसतं ना.

वाटी मी घासायला घरी आणली. संध्याकाळी आईच्या नजरेला पडली. दिवसभर भांडीच हाताळणारी बाई, तिच्या नजरेतून भांडं सुटतंय होय? उलटी करून बघितली. "कुणाची गं?"

"काकूंची," मी ठोकून दिलं.

"काकूंच्या भांड्यावर नाव असतंय. ह्याच्यावर नाही." मग तिने वजन केल्यासारखी ती हातात धरली. "असो. ज्याची असंल त्याला रिकामी देऊ नको." आणि तिने वाटीभर शेंगदाण्याची चटणी घातली. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन वाटी ओट्यावर होती तिथेच ठेवली. रोशनला सापडेल, नेईल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटी तिथेच. चटणी संपलेली आणि वाटीत गूळपापडी.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. कधी मी न्यायचे, कधी तो आणायचा. एकदा त्याने घरून सुकटीची चटणी आणून ठेवली. मी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती. मला वाटलं त्यानेच खाल्ली.

४

"तुझ्या आयेला सांग," तो एक दिवस म्हणाला, "खीर लय भारी व्हती. आमच्याकडं अशी कुनाला जमत न्हाय."

मी हसले. "माझ्या आईला कामून? तू आणलीस ना?"

त्याने वही खाली ठेवली. "मी? न्हाय."

"रोशन, मस्करी नको."

"आयेची शपथ."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. वाटी ओट्यावर होती, झाकण घातलेली. मी शेगडी बघितली. काकूंनी रेग्युलेटर काढून खिळ्याला अडकवलेला, नळीवर धूळ. डबे बंद. त्या दिवशी त्याच्यासाठी मी दार उघडलं होतं, आणि मी आले तेव्हा ओट्यावर काही नव्हतं. ओट्याच्या कडप्प्यावर मी हात फिरवला. सगळीकडे गार. वाटीशेजारी एका जागी ऊन लागलं, भांडं नुकतंच उतरवून ठेवावं तेवढं.

माझं डोकं भराभर चालायला लागलं. कामवालीकडे दुसरी किल्ली असणार. मी तशीच खाली पीसीओवर गेले आणि पुण्याला फोन लावला. काकू म्हणाल्या, "नाही गं बाळा, दोनच किल्ल्या. एक तुमच्याकडे, एक माझ्या पर्समध्ये. का गं? काही गेलं का घरातलं?"

"नाही काकू," मी म्हटलं. गेलं काहीच नव्हतं.

वर आले तर रोशन दारातच उभा होता, आत एक पाय, बाहेर एक. "जाव या?" त्याने विचारलं.

"कुठं?" मी म्हटलं.

खरंच कुठे जायचं होतं? आख्ख्या मीरा रोडमध्ये आम्हाला बसा म्हणणारी ही एकच जागा होती, आणि ती नुसतं बसा म्हणत नव्हती, खायलाही घालत होती. आम्ही सतरंजीवर येऊन बसलो. आज मात्र एकाच टोकाला.

वाटीत शिरा होता. आम्ही तो खाल्ला. भीतीने घास फिरत होता, पण ठेवून जाणं बरं दिसलं नसतं.

५

मग सवय झाली असं म्हणणार नाही. तशी सवय होत नसते. आम्ही हॉलमध्ये बसलेलो असायचो, पडद्यापलीकडे चमचा फिरल्याचा आवाज यायचा, हळू, तळाला लागू नये म्हणून फिरवतात तसा. रोशन इतिहासाच्या सनावळ्या मोठमोठ्याने वाचायला लागायचा. मी पडद्याकडे पाठ करून बसायची. आवाज थांबला की पाच मिनिटं थांबून मी आत जायची. वाटी भरलेली असायची, दुसरं कुणी नाही.

मी स्वतःला हजार कारणं दिली. वरच्या मजल्यावरचा आवाज पाइपातून येत असेल. रोशनच लबाडी करत असेल. मीच झोपेत काहीतरी करत असेन. एकेक कारण पारखून बघितलं, एकही टिकलं नाही.

जानेवारीत एक दिवस रोशन आला तोच तोंड पाडून. त्याचा काका टेम्पो घेणार होता, आणि घरी ठरलं होतं की ह्याने शाळा सोडून त्याच्याबरोबर जायचं. "दहावी करून काय दिवे लावनार हाय मी?" म्हणाला. मी रडले, भांडले, त्याची वही फेकली. त्या दिवशी स्वयंपाकघरातून एक आवाज आला नाही. वाटी ओट्यावर पालथी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी पालथी. तिसऱ्या दिवशीही.

रोशन त्या पालथ्या वाटीपुढे खाली मान घालून उभा राहिला. "बसतंय परीक्षेला," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "काकाला सांगतंय." आणि सांगितलं त्याने. मार खाल्ला, पण सांगितलं.

त्यानंतर आईकडून मी दोन धपाटे मागून नेले. वाटीत मावेनात, घडी करून बसवले.

६

फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे साडेतीन. मी आधी आले होते, पण किल्ली परत मीटरमागे ठेवून दार नुसतं लोटून घेतलं होतं. मागून रोशन आला, किल्ली जागेवर बघून मी आले नसेन असं त्याला वाटलं, त्याने ती काढून दाराला लावली, दार उघडंच आहे हे बघून हसत आत आला आणि किल्ली बाहेर कुलपात तशीच राहिली. त्याने आतून दार ओढून घेतलं. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषभाऊ. त्यांनी गेटवर अप्पांना गाठलं. "कोंडिरामभाऊ, बंद फ्लॅटमध्ये तुमची मुलगी एका पोराला घेऊन बसते, जरा बघा." हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की बाहेरून अप्पांचा आवाज आला. "पंचशीला!"

एकच हाक. शालूचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मुखेडचं घर आलं, सुटलेली दहावी आली. आणि रोशन. अप्पा त्याला जिवंत सोडणार नाहीत असं वाटलं. कुलपात किल्ली फिरली. आम्ही स्वयंपाकघरात पळालो. लपायला जागाच नाही तिथे. ओटा आणि भिंत ह्यांच्या कोपऱ्यात दोघं भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसलो. मी डोळे गच्च मिटले.

अप्पांच्या चपला हॉलमधून आल्या. पडद्याच्या कड्या सरकल्या.

मग काहीच नाही. मी श्वास धरून मोजत होते, अकरा, बारा, तेरा. माझ्या डोक्यावर हात आला. रोशनचा. एवढ्या भीतीतही त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणून मला रडू फुटलं.

"हां..." अप्पांचा आवाज. कसातरीच, घसा बसल्यासारखा. "हां ताई." मग थांबले. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. "नाही नाही. मी आपलं... हां. लेकरंच आहेत." पुन्हा थांबले, बराच वेळ. "बरं. बरं ताई. तुमच्या इथं आहेत तर... येतो मी."

चपला मागे गेल्या. दार हळूच लागलं.

मी डोळे उघडले. माझ्या उजव्या हातात रोशनचा डावा हात होता, घट्ट. त्याचा दुसरा हात त्याच्या स्वतःच्या तोंडावर होता.

"तू माझ्या डोक्यावर..." मी म्हटलं.

"मी न्हाय," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या पन डोक्यावर व्हता. मना वाटलं तुझा."

आम्ही मागे वळलो. ओटा, खिळ्याला अडकवलेला रेग्युलेटर, पडदा हलत असलेला. ओट्यावर वाटी नव्हती. ती परत कधीच दिसली नाही.

७

त्या संध्याकाळी मी जीव मुठीत धरून अप्पांसमोर गेले. ते जेवत होते. ताटाकडे बघतच म्हणाले, "परीक्षेपर्यंत तिथंच बसून अभ्यास कर. त्या पोरालाही बसू दे." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. सुभाषभाऊंना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण तो माणूस नंतर मला जिन्यात दिसला की बाजूला व्हायचा.

आम्ही बसलो. आवाज थांबले होते. मी रोज निघताना ओट्यापुढे उभी राहून हात जोडायची. आम्ही देवापुढे जोडत नाही, पण माणसापुढे जोडतो, आणि ते माणूस नव्हतं हे मला सिद्ध करून दाखवणारं तिथे कुणी नव्हतं. मला अडुसष्ट टक्के पडले, रोशन पंचेचाळीस टक्क्यांनी सुटला. एप्रिलात काकू नातवाचे फोटो घेऊन आल्या, घरात पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, "अगं, घर किती वापरतं राहिलंय! बंद होतं असं वाटतच नाही."

सात वर्षांनी, २००९च्या डिसेंबरात, आमचं लग्न ठरलं. त्याच्या घरून विरोध, आमच्या भावकीतून विरोध. "आगरी पोरगा?" एवढं एकच वाक्य आठवडाभर घरात फिरत होतं. सगळ्यांसमोर अप्पा उठले आणि म्हणाले, "माझी मुलगी त्याच्याच घरी जाईल. ज्याला यायचं नाही त्यानं येऊ नये." विषय संपला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ते एकटेच गॅलरीत बसले होते. मी चहा घेऊन गेले. इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही कुणाशी बोलत होता?"

"त्या घराच्या मालकिणीशी," ते पटकन म्हणाले. मग चहाकडे बघत राहिले. "नाही. घरमालकीण नव्हती ती. मला तेव्हाच कळलं होतं."

"कुठं होती? हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये कामून? तुमच्यापाशीच की. तुमच्या मागं. दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवून उभी होती."

माझ्या अंगावर काटा आला. "दिसायला कशी होती?"

"तोंड नाही बघितलं मी. तोंड पार वर होतं, मान उचलायची हिंमत नाही झाली." ते आवाज बारीक करून बोलत होते. "वाकून उभी होती ती, पंचशीला. पार कमरेत वाकून. तरी तिची पाठ स्लॅबला लागली होती."

खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालले होते. मी अप्पांच्या शेजारी फरशीवर बसले. "मग तुम्ही मला तिथं रोज कसं पाठवलंत?"

"भ्यालो होतो. खोटं कशाला बोलू, दोन महिने मला झोप नव्हती." त्यांचे डोळे भरले. "पण तिचे हात बघितले ना मी. एवढे मोठे हात, आणि किती जपून ठेवले होते. तुला फोडून काढायला आलो होतो मी, बाई. बाप असून मी तुझ्या डोक्यावर तसा हात कधी ठेवला नव्हता."

मग त्यांनी ठेवला. जड होता, चहाच्या कपाने ऊन झालेला. तो डोक्यावर आल्यावर मला कळलं की त्या दिवशीच्या हाताला वजनच नव्हतं. आणि तरी तो निघू नये, अजून थोडा वेळ राहावा, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं.